मानेतली गाठ आणि ती सुई

गेल्या अंकात मानदुखीवर लिहिताना मी शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की काही गाठींना सुई टोचूनही आराम पडतो. झालं. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ, सगळीकडून एकच विचारणा, ही सुई म्हणजे नक्की काय भानगड आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एका सुईवर. गुडघेवाल्यांनी राग मानू नये, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ३४ वर्षांची आहे, राहते वर्तकनगरला, जॉब ऐरोलीला आयटीमधे. दोन वर्षं झाली, उजव्या बाजूला मान आणि खांद्याच्या मधे एक गाठ आहे, हाताला अगदी सुपारीसारखी लागते. दाबली की कळ मानेतून कानामागे जाते आणि कपाळाची बाजू ठणकायला लागते. एक्सरे नॉर्मल आहे, एमआरआयमधे पण विशेष काही नाही. पेनकिलर घेतली की दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच. आता एका डॉक्टरांनी ट्रिगर पॉइंट इंजेक्शन सांगितलंय. सासूबाई म्हणतात स्टिरॉइड असणार, एकदा घेतलंस की सवय लागेल. आई म्हणते गाठ आहे म्हणजे आधी कॅन्सर नाही ना ते बघ. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आधी आईंचं ऐका, मग सासूबाईंचं अर्धं ऐका.

आपल्याकडे सगळ्यालाच गाठ म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. जी गाठ दाबली तरी दुखत नाही, महिन्या-महिन्याला वाढतेय, दगडासारखी कडक लागते, किंवा काखेत, जांघेत, गळ्याच्या बाजूला आलीये, ती सुईवाल्याकडे न्यायचीच नाही, ती आधी फॅमिली डॉक्टरला नाहीतर सर्जनला दाखवायची. तुम्ही सांगताय ती वेगळी वाटते. ती सुपारी नसतेच खरं तर, स्नायूतला एक पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणून बसलेला असतो आणि त्या पट्ट्यावर एक जागा अशी असते की तिथे बोट पडलं की माणूस "आई गं" करून उडतो. त्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, दाबायचा इथे आणि गोळी लागते तिकडे. तुमची कळ मानेतून कानामागे आणि तिथून कपाळाच्या बाजूला जाते म्हणता ना, खांद्यावरच्या ट्रॅपिझियस स्नायूचा हा ठरलेला रस्ता आहे, पुस्तकात काढलेल्या चित्रासारखा. डोकं दुखतं म्हणून लोक चष्म्याचा नंबर तपासतात, सायनसच्या गोळ्या खातात, आणि चोर खांद्यावर बसलेला असतो.

दुखणं असं दुसरीकडे जातं हे काही नवीन नाही. १९३८ साली लंडनमधे केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत चक्क मिठाचं पाणी टोचून बघितलं, कुठे दुखतं ते विचारलं आणि त्याचे नकाशे काढले. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अख्खं आयुष्य या गाठींमागे घालवलं, त्यांची गोष्ट पुढे येईल.

आता गाठ का होते. जास्त चालणारी थिअरी अशी, की स्नायूला "आवळ" म्हणून सांगणारी नस जिथे स्नायूला मिळते तिथे ते सांगणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, गरजेपेक्षा जास्त सुटत राहतं, मग तेवढाच भाग आवळून बसतो, आवळला की तिथलं रक्त कमी होतं, रक्त कमी म्हणजे सैल व्हायला लागणारी ताकद कमी, हो, सैल व्हायला पण ताकद लागते, आणि मग तो सुटतच नाही. हे सगळ्या डॉक्टरांना पटलेलं आहे असं मात्र नाही. काहीजण म्हणतात गाठ स्नायूत नाहीच, बिघाड नसांत आणि मेंदूच्या दुखणं ऐकण्यात आहे. आणि एक गोष्ट आम्ही लोक फार मोठ्याने बोलत नाही, ती म्हणजे या गाठीला रक्ताची टेस्ट नाही, एक्सरेत दिसत नाही, नेहमीच्या एमआरआयमधे दिसत नाही. बोटाने शोधायची. आणि दोन डॉक्टरांच्या बोटांचं दर वेळी जमतंच असंही नाही. म्हणून जो डॉक्टर तुमचा रिपोर्ट बघून लगेच सुई भरायला घेतो त्याच्याकडून उठून या, आणि जो दहा मिनिटं पाठ चाचपत "इथे? की इथे? कुठे जाते कळ?" असं विचारत बसतो त्याच्याकडे थांबा.

सासूबाईंचा मुद्दा. या इंजेक्शनमधे बहुतेक वेळा असतं ते लिग्नोकेन, दाढ काढताना हिरडीत देतात तेच. एक टक्क्याचं, एका जागी साधारण अर्धा ते एक एमएल. मी मुळात भूलतज्ज्ञ, त्यामुळे हा हिशोब झोपेतही येतो, नुसतं लिग्नोकेन किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एक टक्क्याचं २७ एमएल. तुमच्या दोन-तीन गाठींना तीन एमएलच्या वर लागणार नाही. सवय लागायचा प्रश्नच नाही, यात अफू-गांजाच्या घरातलं काही नसतं. स्टिरॉइड काही डॉक्टर मिसळतात. माझं मत स्पष्ट आहे, स्नायूतल्या गाठीला त्याची गरज बहुतेक वेळा नसते, फायदा वाढतो असं काही ठाम दिसलेलं नाही, उलट त्या जागची चरबी विरून खड्डा पडणं, कातडी पांढरट होणं असे प्रकार होऊ शकतात. म्हणून सुई घ्यायच्या आधी सरळ विचारा, "यात काय काय आहे?" विचारलं म्हणून कोणी रागावलं तर तेही एक उत्तरच समजा.

करतात कसं ते सांगते. पालथं झोपवतात, बसवून नाही, कारण सुई बघून चक्कर येणारे पुष्कळ, आणि पोलिसात असलेले सहा फुटी गडी सगळ्यात आधी. मग खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून वर उचलतात, याचं कारण खाली फुप्फुसाचं टोक असतं आणि सुई तिकडे जाता कामा नये. सुई बारीक, २५ किंवा २७ नंबरची, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ती गाठीत नेमकी गेली की स्नायू एकदम फडकतो. कोळीवाड्यातल्या माझ्या एका पेशंटने सांगितलं तेच बरोबर, गळाला मासा लागला की दोरीला बसतो ना, तसला झटका. त्या क्षणी तुमची ती ओळखीची कळ जाईल कपाळापर्यंत, घाबरू नका, ती गेली म्हणजे जागा बरोबर सापडली. पाच-दहा मिनिटांत सगळं आटपतं.

आता गंमत बघा. लिग्नोकेनचा असर एक-दोन तासांचा. मग आराम आठवडेच्या आठवडे कसा टिकतो? कारण काम मुख्यतः औषध करत नाही, सुई करते. १९७९ साली झेक डॉक्टर कारेल लेविट यांनी औषध न घालता नुसत्या कोरड्या सुईचे अनुभव छापले, ८७ टक्क्यांच्या आसपास जागी दुखणं तिथल्या तिथे थांबलं होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता त्यात, आणि तिथल्या तिथे थांबणं म्हणजे कायमचं थांबणं नाही, पण सुई स्वतः काहीतरी करते हे तेव्हापासून मनात बसलं. औषधाचा उपयोग इतकाच, की टोचल्यानंतरची ठसठस कमी राहते.

तर घ्यायचं का? तुम्ही अजून नीट फिजिओथेरपी केली नसेल, म्हणजे चार दिवस शेक आणि मशीन नाही, महिना-दीड महिना रोजचे व्यायाम आणि टेबल-खुर्चीची उंची बदलणं, तर आधी ते करा. ते करूनही गाठ तिथेच असेल तर घ्या खुशाल. घेतल्यावर ठसठस दोन-तीन दिवस राहते, गरम शेक घ्या, मान सगळ्या बाजूंना सावकाश पूर्ण फिरवत राहा, पण चार दिवस पाण्याच्या बादल्या, जिम, गॅस सिलेंडर सरकवणं बंद. आणि त्याच दिवशी धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचायला लागलं तर "गॅस असेल" म्हणून बसू नका, कॅज्युअल्टीत जा आणि खांद्याला सुई घेतलीये हे आधी सांगा. फुप्फुसाला सुई लागणं क्वचित होतं, पण होतं.

प्रश्न : आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घेतात. माझा धाकटा दीर पायाळू आहे, बिल्डिंगमधले सगळे त्याच्याकडे येतात. यात काही तथ्य आहे का हो? (कोपरी)

उत्तर : पायाळूपणात नाही, लाथेत थोडंफार असू शकतं. अचानक भरलेली उसण दोन-चार दिवसांत आपोआप सुटतेच, त्यात पाठीवर दाब पडला की काहींना हलकं वाटतं, आणि श्रेय दिराला मिळतं. हळू पाय लावत असतील तर लावू द्या, चहा पाजा. पण साठीच्या पुढच्या बायका, हाडं ठिसूळ झालेली माणसं, पडल्यामुळे पाठ दुखणारी माणसं, यांना त्याच्या पायाखाली देऊ नका, मणका दबलेला असला तर मोडायचा.

प्रश्न : मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, कासारवडवलीला राहतो, बाईकवर रोज घोडबंदर रोड, कल्याण, भिवंडी. डाव्या खांद्याला आणि फऱ्याच्या आत भयंकर दुखायचं म्हणून मार्चमधे ट्रिगर पॉइंट इंजेक्शन घेतलं. चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी जैसे थे. परत घेतलं, परत आठवडाभर बरं आणि परत तेच. आता तिसऱ्यांदा बोलावलंय आणि सहाचं पॅकेज घ्या म्हणतायत. फसवतायत का मला?

उत्तर : फसवतायत असं मी म्हणणार नाही, पण पॅकेज घेऊ नका. गाठींना पॅकेज नसतं.

नियम साधा आहे, दोन-तीनदा करूनही टिकत नसेल तर सुई पुढे चालू ठेवायची नाही, थांबायचं आणि विचार करायचा की ही गाठ रोज कोण बांधतंय. तुमच्या पत्रातच उत्तर आहे बहुतेक. एमआरची ती बॅग मी चांगली ओळखते, सॅम्पल, व्हिज्युअल एड, टॅब, डबा, पाण्याची बाटली, सहा-सात किलो होते आणि ती जन्मभर एकाच खांद्यावर. बॅग खाली घसरू नये म्हणून खांदा सतत वर उचललेला. त्यात हेल्मेटमधे फोन खुपसून मान वाकडी करून बोलणं, हे तुम्ही करत नसाल तर माफ करा पण माझ्या ओपीडीतले दहापैकी आठ एमआर करतात. वर घोडबंदरचे खड्डे, मेट्रोच्या कामाचे डायव्हर्जन, आणि ब्रेकवर कायम आवळलेला हात. चार दिवस सुईने गाठ सोडवली आणि पाचव्या दिवशी तुम्ही सोमवारी सकाळी बॅग उचललीत. सुई काय करणार बिचारी?

इथे ट्रॅव्हेल बाईंची गोष्ट सांगते. जॉन केनेडी, अमेरिकेचे अध्यक्ष, त्यांची पाठ तरुणपणापासून वाईट, ऑपरेशन होऊनही दुखायची. १९५५ पासून ट्रॅव्हेल त्यांच्या पाठीच्या स्नायूंत प्रोकेनची इंजेक्शनं द्यायच्या, ते लिग्नोकेनचं जुनं भावंड. केनेडींना इतका आराम पडला की १९६१ मधे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी बाईंना व्हाइट हाउसमधे डॉक्टर म्हणून नेलं, अध्यक्षांची पहिली बाई डॉक्टर. डोलणारी खुर्ची वापरा हा सल्ला पण त्यांचाच. पण इंजेक्शनं वाढतच चालली. शेवटी त्याच वर्षी बाकीच्या डॉक्टरांनी हान्स क्राऊस म्हणून एकाला बोलावलं, हा गिर्यारोहक माणूस, त्याने बघितलं तर पोट-पाठ-पायाचे स्नायू एकदम ढिले आणि आखडलेले. त्याने इंजेक्शनांना विरोध केला आणि आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू केला, आणि पाठ सुधारली. म्हणजे बघा, या सुईची सगळ्यात मोठी जाणकार बाई हाताशी असताना, जगातला सगळ्यात मोठा पेशंट, आणि तरी शेवटी व्यायामालाच बसावं लागलं. मी स्वतः सुई देते, माझं पोट त्यावर आहे, तरी ही गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगते. सुईमुळे चार दिवस दुखत नाही ना, तेच चार दिवस व्यायामाचे. तुम्ही ते स्वर्गात घालवलेत.

तर आता असं करा. बॅग दोन पट्ट्यांची पाठीवर घ्यायची, अर्धं सामान डिकीत. फोन गाडी थांबवून. फऱ्याच्या आतलं दुखणं म्हणताय त्यासाठी फिजिओकडून खांदे मागे खेचायचे आणि छाती उघडायचे व्यायाम नीट शिकून घ्या, व्हिडिओ बघून नाही. आणि एकदा रक्त तपासा, बी ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, थायरॉइड. उन्हात तुम्ही फिरता खरे पण हेल्मेट-जॅकेट घालून. शाकाहारी असाल तर बी ट्वेल्व्ह कमी निघायची शक्यता बरीच. थायरॉइड कमी असलेल्या माणसाच्या गाठी सुटता सुटत नाहीत, हे मी अनुभवावरून सांगते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिने पण स्नायू दुखतात. हे सगळं करून महिन्याने वाटलं तर एक सुई अजून, सहा नाही.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे, नौपाड्यात राहतात. डायबेटिस आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. कंबरेच्या बाजूला गाठी आहेत, वाकता येत नाही. इंजेक्शन चालेल का? गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या तर?

उत्तर : गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. स्टेंटवाल्या माणसाने कंबरेच्या गाठीसाठी रक्त पातळ करणारी गोळी थांबवणं म्हणजे उंदीर मारायला घर पेटवणं. थांबवायची की नाही, किती दिवस, हे फक्त त्यांचे हार्टचे डॉक्टर ठरवतील, आणि ते नको म्हणाले तर विषय संपला. वरवरच्या स्नायूत बारीक सुईने, नंतर पाच मिनिटं दाबून धरून कधीकधी गोळ्या चालू असतानाही करता येतं, पण कंबरेच्या बाजूचा तो स्नायू खोल आहे, आत रक्त साचलं तर बाहेरून दिसत नाही आणि दाबताही येत नाही. मी तरी त्यांच्या वयात आणि या गोळ्यांवर तिथे आधी शेक, हलका मसाज आणि फिजिओ करून बघेन. शेक देताना पिशवी टॉवेलात गुंडाळा, डायबेटिसमधे भाजलेलं कळत नाही.

आणि कोणी स्टिरॉइड मिसळून देणार असेल तर डायबेटिस आहे हे आधी ओरडून सांगा. साखर काही दिवस वर जाते, मग घरात सगळे विचारत बसतात की आंबा कोणी दिला.

एक विचारायचं राहिलं, हे दुखणं नवीन आहे का? सत्तरीत पहिल्यांदाच कंबर धरली, रात्री झोपेतून उठवते, वजन उतरतंय, ताप येतो, असं काही असेल तर गाठी सोडा आणि पूर्ण तपासणी करा.

प्रश्न : मी तुर्भ्याच्या एपीएमसीत माथाडी आहे, वय ४३. पन्नास किलोच्या गोणी उचलतो. उजव्या ढुंगणापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत दुखतं. एमआरआयमधे गादी सरकलीये लिहिलंय, एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं. दुसरे डॉक्टर म्हणाले गादी नाही, ढुंगणात गाठ आहे, सुईने बघू. डोकं चालत नाही.

उत्तर : दादा, दोघांपैकी कोण बरोबर हे मला इथे बसून नाही सांगता येणार, पण दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं बिलकुल नाही. ढुंगणात खोलवर ग्लुटिअस मिनिमस नावाचा छोटा स्नायू आहे, त्यात गाठ झाली की कळ अगदी तुम्ही सांगताय तशी मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत उतरते, सायटिका म्हणूनच सगळे धरून चालतात.

आणि एमआरआयमधे गादी सरकलेली दिसली म्हणजे तीच दुखतेय असं नसतं. १९९४ साली अमेरिकेत ९८ अशा लोकांचा एमआरआय केला ज्यांची पाठ दुखतच नव्हती. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. तुमच्या गाळ्यावरच्या सगळ्या माथाड्यांना मशीनमधे घातलं तर किती रिपोर्ट स्वच्छ येतील, तुम्हीच सांगा.

फरक ओळखायचा तो पायावरून. पायाला मुंग्या, बधिरपणा, टाचेवर चालताना पंजा खाली पडणं, खोकला-शिंक आली की पायात वीज जाणं, हे असेल तर नस दबल्याची शक्यता जास्त, मग मणक्याच्या डॉक्टरांचं ऐका. नुसतं दुखतंय, ताकद पूर्ण आहे, आणि ढुंगणात एका जागी दाबलं की सगळी कळ पायात उतरते, तर ऑपरेशनच्या आधी सुई करून बघण्यात नुकसान काही नाही. लिग्नोकेन दिल्यावर तासाभरात कळ गायब झाली तर तपासणीही होऊन गेली समजा. मात्र लघवी अडकली, किंवा कळेनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात, सकाळची वाट बघायची नाही.

सुट्टीचं काय ते मुकादमाशी बोलावं लागेल, हे मला माहितीये की लिहायला सोपं आहे. निदान आठवडाभर गोणी नाही. त्यानंतरही पाठीवर घेऊन वळायचं नाही, आधी पाय वळवायचे मग अंग.

प्रश्न : ड्राय नीडलिंग, ॲक्युपंक्चर आणि हे इंजेक्शन एकच का? आमच्या फिजिओ मॅडम ड्राय नीडलिंग करतात. (नेरुळ)

उत्तर : सुई तिन्हीकडे, विचार वेगळे. ॲक्युपंक्चरवाले चिनी शास्त्राप्रमाणे ठरलेल्या बिंदूंवर टोचतात. ड्राय नीडलिंगमधे गाठ शोधून तिच्यातच, पण औषधाशिवाय, भरीव बारीक सुईने. इंजेक्शनमधे तेच, फक्त पोकळ सुई आणि आत औषध. गुण साधारण सारखाच येतो, कोरड्या सुईनंतर ठणका जरा जास्त. मॅडम नीट शिकलेल्या असतील, सुई दर वेळी तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढत असतील, तर करून घ्या. छातीच्या पिंजऱ्यावर टोचताना मात्र हात तयारच हवा, धोका त्या फुप्फुसाचाच, औषध असो नसो.

प्रश्न : वय ४९, गृहिणी, घणसोली. मान, पाठ, दंड, मांड्या, कुठे नाही असं नाही, सगळीकडे दुखतं, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर जास्त थकलेली असते. एका ठिकाणी एका वेळी अठरा इंजेक्शनं दिली. आठ दिवस अंथरुणात होते. घरचे म्हणतात हिला दुखण्याची हौस आहे.

उत्तर : ताई, दुखण्याची हौस कोणालाच नसते. तुमचं वर्णन ट्रिगर पॉइंटपेक्षा फायब्रोमायल्जियासारखं वाटतंय, त्यात अंगभर दुखतं, तीन महिन्यांहून जास्त, झोप उडते, थकवा जात नाही, गोष्टी आठवत नाहीत. त्यात दुखणाऱ्या जागा गाठी नसतात, दुखण्याचा आवाजच मेंदूत मोठा झालेला असतो. रेडिओचा आवाज मोठा आहे आणि आपण एकेका स्पीकरला सुया टोचतोय, काय होणार? आता अठरा काय, आठही घेऊ नका. संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, थायरॉइड, व्हिटॅमिन डी बघून घ्या, त्यासाठी वेगळी औषधं आहेत, रात्री घ्यायची, आणि हळूहळू वाढवायचं चालणं. आज दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात बारा. पहिले पंधरा दिवस बरं वाटणार नाही. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना घरच्यांपैकी एकाला बरोबर आणा, मी त्यांच्याशी जे बोलले असते ते तुमचे डॉक्टरही बोलतील.

प्रश्न : छातीच्या डाव्या बाजूला एक दुखरी गाठ आहे, कधीकधी डाव्या हातात कळ जाते. पन्नाशी उलटलीये. हे पण मसल नॉटच असेल ना? (वाशी)

उत्तर : असेलही, छातीच्या स्नायूतल्या गाठी हुबेहूब हार्टसारख्या दुखतात. पण हे मी तुमचा ईसीजी बघितल्याशिवाय बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका. काका, अंक बाजूला ठेवा आणि आजच दाखवून या. आत्ता दुखत असेल, घाम येत असेल, तर रिक्षा-बस नाही, १०८ ला फोन.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, तबला शिकतो, रोज तीन तास रियाज. उजव्या खांद्यात गाठ आहे. सुईची एवढी भीती वाटते की रक्त तपासतानाच मी पडतो. सुईशिवाय काही जमेल का? (ठाणे, चरई)

उत्तर : जमेल की, तुझ्या वयात तर बहुतेक सुईशिवायच जमतं. सुई घ्यायची वेळ आलीच तर आधी सांगायचं की मी पडतो, पोटभर नाश्ता करून जायचं आणि आडवं होऊनच घ्यायची, एवढ्याने पडणारे बरेच जण पडत नाहीत.

पण आधी हे कर. टेनिसचा बॉल आईच्या जुन्या लांब मोज्यात घाल, मोज्याचं टोक हातात धर, बॉल पाठीमागे सोड आणि भिंतीला टेकून उभा राहा. बॉल गाठीवर आणायचा, मणक्यावर नाही, आणि गुडघे थोडे वाकवून अंगाचा भार हळूहळू टाकायचा. दहापैकी पाच-सहा दुखेल एवढाच दाब, दात ओठ खायचे नाहीत. अर्धा-एक मिनिट तसंच थांबलं की दुखणं विरघळल्यासारखं कमी होतं, मग बॉल एक बोट सरकव. दिवसातून दोनदा, नंतर गरम पाण्याची आंघोळ, आणि लगेच हात वर-मागे-पुढे पूर्ण फिरवायचे. रियाजात दर पाऊण तासाने उठून हे हात फिरवणं आलंच पाहिजे, गुरुजी ओरडले तर माझं नाव सांग. आणि डग्गा-तबल्याखालच्या चुंबळींची उंची एकदा गुरुजींनाच बघायला सांग, खांदा वर उचलून वाजवत असशील तर गाठ तिथूनच येतेय.

बॉल नवा आणू नकोस, फार कडक असतो. सोसायटीतल्या पोरांनी पावसाळाभर खेळून बसवलेला असतो ना, तो माग त्यांच्याकडे.